चिन्ह आणि माप

"नाक टेकवलंस. बाद," अनुसूया म्हणाली.

तनय भिंतीपासून मागे सरकला आणि नाकाला लागलेला चुना बाहीने पुसू लागला. व्हरांड्यात दोन्ही कडांना उभ्या असलेल्या मुलामुलींनी टाळ्या पिटल्या.

"मिस, पण आता जागाच उरली नव्हती."

"उरली होती. उरलेल्या अंतराच्या निम्मं चाल, असं सांगितलं होतं ना? निम्मं चाललास की निम्मं उरतंच. तू सगळं चाललास."

"माझा बूट निम्मा होत नाही, मिस."

"म्हणून तर गणित फळ्यावर करतात. जा, पुढच्याला पाठव."

जयनगरच्या त्या डिग्री कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना क्रमिका, म्हणजे एका नियमाने पुढे जाणाऱ्या आकड्यांच्या रांगा, शिकवायची अनुसूयाची ही रीत होती. व्याख्या नंतर, आधी व्हरांडा. व्हरांड्याच्या मधोमध लाल फरशांमध्ये कुणा गवंड्याने एक काळी फरशी बसवून ठेवली होती. लाल संपल्या असाव्यात. ती फरशी म्हणजे शून्य. ज्याची पाळी असेल त्याच्या कानात अनुसूया चालण्याचा नियम सांगायची आणि बाकीच्यांनी नुसतं बघून निकाल द्यायचा. चालणारा शेवटी एकाच जागेच्या जवळ जाऊन तिथलाच होत असेल तर क्रमिका अभिसारी. कुठलीही हद्द घातली तरी ती ओलांडून जात असेल तर अपसारी. आणि ना इथला ना तिथला, कायम ये-जा करणारा असेल तर दोलायमान. शिकवणं इंग्रजीत चालायचं, चेष्टा कन्नडमध्ये.

त्या दिवशी एका मुलीने स्टाफरूमचं दार ते पाण्याचा नळ अशा खेपा घातल्या आणि वर्गाने दोलायमान म्हणून तिला सोडून दिलं. मग एका उंच मुलाच्या कानात अनुसूयाने सांगितलं, प्रत्येक पाऊल सारखंच टाकायचं. तो व्हरांडा ओलांडून गेला, पायऱ्या उतरला, मैदान पार करून कॅन्टीनमध्ये शिरला आणि तास संपेपर्यंत परत आला नाही. वर्गाने एकमताने अपसारी असा निकाल दिला.

घाई केलेली मात्र तिला खपत नसे. "चार पावलं बघून निकाल देऊ नका," ती दर वर्षी सांगायची. "क्रमिका सुरुवातीला काय वाटेल ती सोंगं करते. तिचं खरं वागणं शेपटीत असतं. शेपूट बघा." यावरून मुलं तिला पाठीमागे 'टेल मिस' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि नाव चुकीचं आहे असं तिला वाटत नव्हतं.

तास संपला तेव्हा प्राचार्य श्रीवत्स जिन्याशी उभा होता. कधीकाळी याच व्हरांड्यात तोही चालला होता. चारचौघांत अनुसूया त्याला सर म्हणायची. आसपास कुणी नसलं की तो पुन्हा विद्यार्थी व्हायचा.

"मॅडम, आज कुणाचं नाक?"

"तनयचं."

"माझं दोनदा टेकलं होतं." तो हसला आणि मग कामाचं बोलला. "पुढच्या सत्राचं टाइमटेबल शुक्रवारी लावतोय. तुमचं नाव घालू ना?"

अनुसूयाला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. कॉलेज तिला सत्रागणिक ठेवून घेत होतं.

"शुक्रवारी सांगते."

"मागच्या आठवड्यातही शुक्रवारच म्हणाला होतात."

"तो वेगळा शुक्रवार होता."

"मॅडम, ये-जा करणारं कुठेच पोचत नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं तेव्हा तू पहिल्या खेपेला नापास झालास."

"म्हणून तर पक्कं लक्षात आहे," श्रीवत्स म्हणाला. "या वेळचा शुक्रवार शेवटचा हं. दुसरं कुणी बघायचं तर मला वेळ लागेल. आणि मला दुसरं कुणी बघायचं नाही."

तिलाही ते नकोच होतं. नाही म्हणायचं कारण बनशंकरीत घरी बसलं होतं.

नवरात्र संपता संपता एका सकाळी अनुसूयाचा नवरा अरविंद पलंगावरून उठला आणि खोली त्याच्याभोवती फिरली. तो पलंगाची कड धरून खाली बसला आणि म्हणाला, "अगं, घर कुठं निघालंय बघ." डॉक्टरांनी डोकं तपासलं, कान तपासला. उजव्या कानाच्या आतली, शरीराचा तोल सांभाळणारी नस सुजली होती. जिवाला धोका नाही, तोल हळूहळू येईल, पण चालून चालून आणावा लागेल. किती येईल, ते आज सांगता येणार नाही. स्कूटर मात्र विसरा.

शेवटचं वाक्य अरविंदला सर्वांत जास्त लागलं. तो घड्याळाच्या कारखान्यात होता, आणि कामावर जाताना रोज सकाळी आधी अनुसूयाला कॉलेजच्या फाटकाशी सोडायचा. कारखाना बंद झाला तरी सोडणं बंद झालं नाही. आता स्कूटर अंगणात कापडाखाली उभी होती आणि दोन हेल्मेटं दाराशी शेजारी शेजारी टांगलेली होती.

"आयुष्यभर लोकांची घड्याळं सरळ चालवली," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आता मीच वाकडा चालतोय."

रोजचा व्यायाम म्हणजे बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळातून मान डावी-उजवीकडे वळवत चालायचं. मान वळली की तो उजवीकडे ओढला जायचा आणि भिंतीवर आपटायचा. पहिल्याच आठवड्यात त्याच्या खांद्याने निवृत्तीच्या वेळचा ग्रुप फोटो खाली आला.

"बरं झालं," तो म्हणाला होता. "त्यात मॅनेजर पण होता."

मुलगा अवधूत आणि सून सुखदा येलहंक्याला राहायचे. सुखदा पुण्याची, दोघंही आयटीत. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून सुखदाने फोनवर 'बाबा अपडेट' नावाचा ग्रुप काढला आणि सासूबाईंना सांगितलं, रोज संध्याकाळी फक्त कळवत जा. अनुसूयाने तिच्या पद्धतीने कळवायला सुरुवात केली. दिवस बरा गेला की अधिकचं चिन्ह, वाईट गेला की वजाचं. पुढे काही नाही.

"आई, मला हे प्लस-मायनस कळत नाही. डिटेल्स द्या ना थोडे," सुखदा फोन करून म्हणाली.

"यात न कळण्यासारखं काय आहे? प्लस म्हणजे बरं, मायनस म्हणजे वाईट."

"पण म्हणजे काय झालं नक्की?"

"मायनस झालं."

सुखदाने तिकडे कपाळाला हात लावला असणार.

ग्रुपवर चिन्हं साठत गेली. प्लस, मायनस, प्लस, मायनस. मधेच दोन प्लस लागून आले की अनुसूयाला उभारी यायची आणि दुसऱ्या दिवशी अरविंद बोळात भिंतीला हात लावायचा. बुधवारी संध्याकाळी तिने मागची सगळी चिन्हं बोटाने सरकवत पाहिली. महिनाभरापूर्वी जे होतं तेच काल होतं, आणि आजही तेच. पस्तीस वर्षं ती मुलांना हेच ओळखायला शिकवत आली होती. ही क्रमिका कुठेही पोचणारी नव्हती.

तिने सुखदाला फोन लावला.

"काही फरक नाही गं. तू ती खोली म्हणत होतीस ना, तुमच्याकडची खालची..."

"आई, खोली रेडी आहे. खरं सांगू? मी बाथरूममध्ये हँडलसुद्धा बसवून घेतलंय. दोन्ही बाजूंना. तुम्ही फक्त हो म्हणा, पॅकर्स मी बघते."

"शनिवारी या मग. बोलू."

"पण तुमचं कॉलेज? येलहंक्याहून जयनगर म्हणजे दिवसाचे चार तास रस्त्यावर."

"कॉलेजचं बघते मी," अनुसूया म्हणाली.

स्वयंपाकघरातून अरविंदचा आवाज आला. "कुणाचं काय बघतेस गं?"

"काही नाही. कॉफी घेणार?"

"साकु, पुरे. सकाळपासून तीन झाल्या." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुझ्या शुक्रवारचं काय ठरलं?"

"ठरवते."

"माझ्यासाठी सोडणार असशील तर आधीच सांग. म्हणजे मी आजच भांडून घेतो. परवा मायनस असला तर मला उभ्यानं भांडता यायचं नाही."

ती हसली आणि फोन चार्जिंगला लावला.

गुरुवारी व्हरांड्यात ऊन आलं होतं. गमतीगमतीच्या क्रमिका संपून आज फसव्या क्रमिकांची पाळी होती. अनुसूयाने रक्षिताला पुढे बोलावलं. रक्षिता चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातली. वर्गात मराठी समजणारी ती एकटीच, त्यामुळे तिच्या कानात नियम सांगताना अनुसूया नकळत मराठीत शिरायची.

"काळ्या फरशीपासून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. पहिल्यांदा एक मीटर लांब. मग अर्धा. मग एक तृतीयांश, मग पाव. असंच पुढे. समजलं?"

"होय, मिस. म्हणजे दर वेळेला शून्य ओलांडायचं?"

"दर वेळेला."

रक्षिताने ओढणी कमरेला बांधली आणि निघाली. उजवीकडे लांब ढांग, मग काळी फरशी ओलांडून डावीकडे, परत उजवीकडे. तिचे हात पंखांसारखे उघडलेले. दोन्ही कडांची मुलं खिदळायला लागली.

"ऑसिलेट," कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळा व्हरांडाच म्हणू लागला. तनयने हात वर केला. मघापासून बोलायचं म्हणून तो चवड्यांवर उभा होता.

"मिस, दोलायमान. एकदम सोपं आहे."

"कशावरून?"

"एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. प्लस, मायनस, प्लस, मायनस. जन्मभर हेच करणार ती."

दर वर्षी या वेळी कुणीतरी हेच उत्तर द्यायचं, आणि त्यावरचा प्रश्नही अनुसूयाचा ठरलेला होता. तो आपोआप तिच्या तोंडून आला.

"चिन्ह पाहिलंस. माप पाहिलंस का?"

आणि ती थांबली.

तनय वाट बघत राहिला. पुढे मिस विचारतात, आता रक्षिता शून्यापासून किती लांब आहे, आणि मघाशी किती लांब होती. वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलेलं त्याला आत्ता आठवलं. पण मिस काही विचारत नव्हत्या. त्या रक्षिताच्या पायांकडे बघत होत्या.

रक्षिता आता फरशीच्या अगदी जवळ आली होती. लाल फरशीवर तिचं पाऊल पडतच नव्हतं. काळ्या फरशीच्या आत ती डावीकडे झुकत होती, उजवीकडे झुकत होती. लांबून पाहणाऱ्याला ती उभीच आहे असं वाटलं असतं.

"मिस, थांबू?" तिने विचारलं.

"नको. चालत राहा."

"किती वेळ, मिस? मला चक्कर येतेय."

मुलं हसली. अनुसूयाही हसली, पण ती कशाला हसली ते वर्गात कुणाला कळलं नाही.

"मिस," तनय सावकाश म्हणाला, "ही दोलायमान नाही. झोका लहान होतोय."

"मग काय आहे?"

"अभिसारी. शून्याकडे. प्लस-मायनस चालूच राहणार, पण..." तो शब्द शोधत राहिला. "पण मग त्याचं काही वाटणार नाही."

"'वाटणार नाही' असं परीक्षेत लिहू नकोस. काय लिहायचं ते फळ्यावर सांगते. चला आत."

आत गेल्यावर तिने व्याख्या लिहिली. तुम्ही कितीही लहान अंतर मागा, मी एक टप्पा दाखवते, त्यानंतरचं प्रत्येक पद त्या अंतराच्या आत. प्रत्येक, या शब्दाखाली तिने रेघ मारली. मग मुलांना काळजी वाटेल इतका वेळ ती त्या रेघेकडे बघत उभी राहिली.

घरी आली तेव्हा अरविंद बोळात होता. आज मायनस होता हे तिला चपला काढतानाच कळलं. मान वळवली की त्याचं अंग उजवीकडे जात होतं, आणि उजवा हात भिंतीकडे.

"थांबू नका," ती म्हणाली. "चालत राहा."

"का? काय झालं?"

"चाला तर."

तो चालला. अनुसूया पाठीला पिशवी तशीच ठेवून भिंतीपाशी गेली आणि चष्मा सरळ केला. ही भिंत ती रोज पुसायची. पुसायची, आणि बघायची नाही. फोटोच्या रिकाम्या खिळ्याखाली खांद्याच्या उंचीवर एक रुंद मळकट पट्टा होता, पुसूनही न गेलेला. तो पहिल्या दिवसांतला, अख्खा खांदा घासत जायचा तेव्हाचा. त्याच्या खाली तळहाताचे ठसे, पाची बोटांचे. आणि आत्ता अरविंद तिच्यासमोरून गेला तेव्हा त्याच्या मधल्या बोटाचं टोक भिंतीला लागलं आणि सुटलं. भिंतीवर काही उमटलं नाही.

"आजचा मायनस," तिने विचारलं, "आणि पहिल्या आठवड्यातला मायनस. दोन्ही सारखेच?"

अरविंद स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरून उभा राहिला. "सारखे कसे असतील? पहिल्या आठवड्यात तू मला पलंगावर गंजीची पेज पाजत होतीस. आज मी डोसा केला."

"तुम्ही डोसा केलात?"

"एक केला. एक जाळला. मायनस आहे की नाही मग आज?"

"मग हे सांगितलं का नाहीत इतके दिवस?"

"तू विचारलंस कुठं? तू दारातून विचारायचीस, प्लस का मायनस. मी म्हणायचो मायनस. तू बरं म्हणून आत जायचीस. गणिताच्या बाईला जास्त सांगायची माझी काय हिंमत." त्याने टेबलावरचा डबा तिच्यापुढे सरकवला. "खा. न जळलेला तुझ्यासाठी ठेवलाय."

अनुसूया बसली. भूक लागली होती. खाता खाता तिला प्लसचे दिवस आठवले आणि तिने तेही प्रामाणिकपणे तपासले. सुरुवातीच्या एका प्लसला अरविंद तिला न सांगता अंगणात गेला होता, स्कूटरवरचं कापड काढून किक मारत उभा होता, आणि ती चप्पल न घालता धावली होती. हल्लीच्या प्लसला तो पेपर वाचायचा, गॅलरीत बसायचा, कुंड्यांना पाणी घालायचा. वाईट दिवस लहान झाले होते तसे चांगलेही लहान झाले होते. दोन्ही मिळून ज्या जागी येऊन बसत होते ती जागा पूर्वीची नव्हती. तिथे स्कूटर नव्हती. ते तिला या आधीही ठाऊक होतं, पण आज मापून कळलं.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी तिने वर्गात कुणाला सोडू दिली नसती. तिच्या हातात सूत्र नव्हतं. रक्षिताचा नियम तिने स्वतः कानात सांगितला होता; अरविंदचा कुणी सांगितला नव्हता. इतक्या पदांवरून पुढचं प्रत्येक पद कसं असेल हे सिद्ध होत नाही. कुणी पेपरात तसं लिहिलं असतं तर तिने गुण कापले असते.

"अहो," ती म्हणाली, "पुढच्या सत्राला मी हो म्हणते. रोज सकाळी तीन तास तुम्ही एकटे."

"सरी. चालेल."

"पुन्हा मोठा झोका आला तर सोडते. लगेच. तेव्हा भांडायचं नाही."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर डोसा शिका नीट. कड जाड झालीय."

"स्वल्प जाडच छान लागतो," अरविंद म्हणाला. "पिठाला दोष देऊ नकोस, तू आणलेलं आहे."

संध्याकाळी तिने ग्रुप उघडला, वजाचं चिन्ह टाकलं, आणि पाठवण्याआधी पुढे लिहिलं: पण लहान. एक बोट भिंतीला लागलं. एक डोसा केला, एक जाळला.

मिनिटाच्या आत सुखदाचा फोन आला.

"आई, फायनली डिटेल्स. बाबांनी डोसा केला? स्वतः?"

"हो. सुखदा, ऐक. आपण शनिवारचं बोललो होतो ते..."

फोनवर पलीकडे कुकरची शिट्टी झाली. सुखदाने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"तुम्ही येत नाहीये," ती म्हणाली.

"आत्ता नाही. तू एवढं केलंस आणि..."

"आई, सॉरी-बिरी नको हं. पण मला खरंच कळत नाही. काल तुम्हीच म्हणालात काही फरक नाही म्हणून."

"काल मी चुकले. मी फक्त चिन्ह बघत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे तू डिटेल्स मागत होतीस ते बरोबर होतं."

सुखदाला तिच्या सासूने एवढ्या सरळ शब्दांत बरोबर म्हटल्याची ही पहिलीच वेळ असावी. "बरं," सुखदा म्हणाली. "पण हँडल मी काढणार नाहीये. सांगून ठेवते."

"काढू नकोस. दोन्ही बाजूंची राहू देत. कधी ना कधी लागतील."

"आणि शनिवारी येतोय आम्ही. डोसा खायला."

"जळका मिळेल," अरविंदने तिकडून ओरडून सांगितलं.

शुक्रवारी सकाळी अनुसूया चपला घालत होती तेव्हा अरविंदही चपला घालत होता.

"तुम्ही कुठं?"

"स्टॉपपर्यंत. सोडायचं माझं काम आहे की नाही?"

"आज प्लस आहे का मायनस?"

"स्टॉपवर पोचलो की सांगतो."

दाराशी हेल्मेटं टांगलेली होती. तिने तिच्या हेल्मेटवरची धूळ पदराने पुसली आणि ते परत जागेवर ठेवलं. त्याने ते बघितलं आणि दार उघडलं.

बनशंकरीच्या त्या रस्त्याचा फुटपाथ झाडांच्या मुळांनी उचलला गेलेला, मधे मधे केबलवाल्यांनी खणून ठेवलेला. तोल शाबूत असलेली माणसंही तिथून नागमोडी चालत होती. अनुसूया त्याच्या उजवीकडून चालली. त्याला धरायला गेली नाही. हात सैल सोडून, हाताला लागेल इतक्या अंतरावर राहिली. फुलवालीच्या टोपलीपाशी त्याचा खांदा येऊन तिला लागला. मग तो सरळ झाला. दूधकेंद्रापाशी पुन्हा कोपर लागलं, लागलं म्हणण्याइतपतच. पुढे बराच वेळ काही लागलं नाही आणि तिला चुकल्यासारखं झालं.

"एवढ्या जवळून का चालतेस?" त्याने विचारलं. "लोक म्हणतील, नवीन लग्न झालंय."

"म्हणू देत."

स्टॉपवर पोचल्यावर त्याने पाटीचा खांब धरला आणि श्वास घेतला. कपाळावर घाम होता. जयनगरची बस वळणावर दिसत होती.

"तर?" तिने विचारलं.

"मायनस," तो म्हणाला. "परतताना एकटा आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो. पण तो दूधवाला ओळखीचा आहे, फुलवाली ओळखीची आहे. बसत बसत जाईन."

तिला खाली थांबावंसं वाटलं. बस येऊन उभी राहिली, दार उघडलं, कंडक्टरने "बन्नी, बन्नी" म्हणून घाई केली. ती चढली. खिडकीशी जागा मिळाली. फोन काढून तिने श्रीवत्सला लिहिलं, नाव घाला, आणि पाठवून टाकलं.

मग तिने बाहेर पाहिलं. अरविंद खांब धरून उभा होता आणि बसच्या खिडक्यांतून तिला शोधत होता. ती दिसल्यावर त्याने खांबावरचा हात काढला. थोडा उजवीकडे गेला, थोडा डावीकडे आला, आणि तो हात उंच करून हलवला.